एमबीए करावं का, कुठे करावं आणि त्यात बदलायला काय हवं: सांगलीतून येणारे नेहमीचे प्रश्न

कुपवाड एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी नऊ वर्षं खरेदी विभागात होते. त्यानंतरची बारा वर्षं सांगली-मिरजेच्या दोन-तीन कॉलेजांत एमबीएच्या मुलांना शिकवते, तेही तासावर. जून उजाडला की फोन सुरू होतात. कुणाच्या पोरीला सीईटीत बरे मार्क पडलेले असतात, कुणाला बी.कॉम. झाल्यावर पुढे काय ते सुचत नसतं, कुणाला पोरगं दुकानात बसत नाही म्हणून कुठेतरी गुंतवायचं असतं. दरवर्षी तेच प्रश्न, म्हणून एकदाचं लिहून काढलं. उत्तरं माझी आहेत. कॉलेजांच्या माहितीपत्रकात यातलं बरंचसं सापडणार नाही.

मॅडम, एमबीएमध्ये शिकवतात तरी काय?

दोन वर्षं, चार सेमिस्टर. पहिल्या वर्षी सगळ्यांना थोडं थोडं सगळं: हिशेब, मार्केटिंग, उत्पादन, माणसं सांभाळणं, संख्याशास्त्र, कायदा. दुसऱ्या वर्षी आपण निवडलेल्या एक-दोन विषयांत खोलात. मधल्या सुट्टीत दीड-दोन महिने कुठल्यातरी कंपनीत प्रोजेक्ट. कागदावर हे उत्तमच आहे.

प्रवेश परीक्षा कशी असते? क्लास लावावा लागतो का?

राज्याच्या सीईटी सेलची एमबीए सीईटी म्हणजे २०० प्रश्न आणि १५० मिनिटं. तर्क, आकृत्या, गणित आणि इंग्रजी. चुकलेल्या उत्तराला मार्क कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. पदवीला ५० टक्के हवेत, राज्यातल्या राखीव प्रवर्गांना ४५. पुढे कॅपच्या, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेशाच्या, फेऱ्या. तारखा आणि बारीकसारीक नियम दरवर्षी बदलतात, ते सेलच्या संकेतस्थळावरच बघा, शेजारच्या दादाला विचारू नका.

क्लासचं म्हणाल तर वेग यावा म्हणून रोज घड्याळ लावून सराव करणाऱ्याला क्लासची फारशी गरज नसते. ज्याला घरी बसवत नाही त्याने लावावा.

या परीक्षेत धंद्याची जाण कुठेच तपासली जात नाही, हे मात्र मला खटकतं. आकृती फिरवली तर कशी दिसेल हे झटकन सांगणारा मुलगा दुकानातली उधारी वसूल करू शकेल का, याचा त्या २०० प्रश्नांतून पत्ता लागत नाही. पण हजारो मुलांची एका दमात चाळणी लावायची तर दुसरा मार्ग तरी कुठला, हेही मला कळतं.

आणि बीबीएलासुद्धा सीईटी? आमच्या वेळी तर थेट प्रवेश होता.

२०२४-२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने बीबीए, बीएमएस, बीसीए हे अभ्यासक्रम आपल्या मान्यतेखाली घेतले आणि राज्याने त्यासाठी वेगळी सीईटी सुरू केली. पहिल्याच वर्षी गोंधळ उडाला. बारावीच्या मुलांना परीक्षा आहे हेच वेळेवर कळलं नाही. जागा मोठ्या संख्येने रिकाम्या राहिल्या, मग ऑगस्टमध्ये जादा सीईटी घ्यावी लागली. राज्यातल्या कित्येक कॉलेजांनी तर सरळ अभ्यासक्रमाचं नाव बदललं. बीबीएच्या जागी बी.कॉम. ऑनर्स असं काहीतरी नाव दिलं की सीईटीही नको आणि परिषदेची मान्यताही नको. वर्ग तेच, बाकं तीच. म्हणून बीबीएला प्रवेश घेताना पदवीच्या कागदावर नेमकं काय छापून येणार ते विचारून घ्या.

पुण्याला पाठवू की इथेच ठेवू?

हा प्रश्न निम्मा पैशाचा आणि निम्मा प्रतिष्ठेचा असतो. प्रतिष्ठेच्या निम्म्यात मी पडत नाही.

पैशाचं बघू. पुण्यात राहणं-खाणं धरून महिन्याला १०-१२ हजार कुठे जात नाहीत. दोन वर्षांचे अडीच लाख झाले, फी वेगळी. पुण्यातल्या वरच्या कॉलेजांना हे मोजायला हरकत नाही. तिथे कंपन्या खरोखर येतात, सोबतची मुलं तयारीची असतात आणि त्या मुलांकडूनच निम्मं शिकायला मिळतं. पण पुण्याच्या वेशीवरच्या कुठल्याशा टेकडीवर असलेल्या, नाव न ऐकलेल्या कॉलेजसाठी सांगली सोडण्यात मला अर्थ दिसत नाही. तिथला वर्ग आणि इथला वर्ग यात फरक शून्य. वरून पोरगं रोज दोन तास बसमध्ये.

इथे राहण्याचा एक फायदा कुणी मोजत नाही. सांगलीपासून तासाभराच्या अंतरात हळदीची पेठ आहे, तासगावचा बेदाणा आहे, साखर कारखाने आहेत, १९१० पासूनची किर्लोस्करवाडी आहे, भिलवडीची दूध डेअरी आहे, विट्याचे यंत्रमाग आहेत, मिरजेत दवाखान्यांची रांग आहे आणि तिथेच सतारी बनवणाऱ्यांची गल्लीही आहे. व्यवस्थापन शिकायला याहून मोठी प्रयोगशाळा कुठे मिळणार? फक्त कॉलेज त्या प्रयोगशाळेत मुलांना नेतं का, हे बघायचं. बहुतेक नेत नाहीत. वर्षातून एक औद्योगिक सहल निघते, तीही गोव्याकडे.

'१०० टक्के प्लेसमेंट' असं बोर्डावर लिहिलंय. खरं असतं का?

बोर्डावरचे फोटो खरे असतात. टक्केवारीत मात्र गंमत असते. १२० पैकी ४० मुलांनीच प्लेसमेंटला नाव दिलं आणि त्या ४० जणांना काहीतरी मिळालं, की १०० टक्के झाले. त्यात विमा विकायचं कमिशनचं काम आलं, तीन महिन्यांत सुटणारी नोकरीही आली. एका कॉलेजात मी स्वतः बघितलं, घरच्या कृषी सेवा केंद्रात बसलेल्या मुलाचं नावही यादीत होतं. पद लिहिलं होतं 'व्यवस्थापक'. पोरगं हसत होतं.

प्रवेशाआधी कॉलेजला विचारा: मागच्या वर्षी वर्गात किती मुलं होती, त्यातली किती आज पगारावर आहेत, आणि पगाराचा मधला आकडा काय? सरासरी विचारू नका. एकाला बंगळूरला १२ लाखांचं पॅकेज मिळालं की सरासरी फुगते. मुलं पगाराच्या क्रमाने उभी केली तर बरोबर मधोमध उभं असलेलं पोरगं किती घेतं, ते विचारा. समोरचा चाचरला तर चहा पिऊन उठा. मग गेटाबाहेर दुसऱ्या वर्षाची दोन मुलं गाठा आणि त्यांना विचारा, गेल्या आठवड्यात किती तास झाले.

माझ्या वर्गातून बाहेर पडलेली बरीच मुलं इथल्या इथे १५ ते २० हजारांवर लागली. पुढची उडी त्यांनी दोन-तीन वर्षांनी मारली, ती स्वतःच्या कामावर. हे आधीच ठाऊक असेल तर पोरगं निराश होत नाही.

प्रोजेक्ट बाहेरून करून मिळतो म्हणे. खरं आहे?

खरं आहे, आणि हे दुखणं जुनं आहे.

काही वर्षांपूर्वी एका तोंडी परीक्षेला परीक्षक म्हणून बसले होते. मुलाने काळ्या बाइंडिंगचं, सोनेरी अक्षरांचं जाडजूड पुस्तक समोर ठेवलं. विषय मिरजेजवळच्या एका दूध संकलन केंद्रातल्या ग्राहकांचं समाधान. पहिली ३३ पानं बिनचूक. चौतिसाव्या पानावर एकदम 'चाकण प्लांटमधील पेंट शॉपचे कामगार' अवतरले. मी विचारलं, दूध केंद्रात पेंट शॉप कुठून आलं रे? तो खाली बघून म्हणाला, "मॅडम, झेरॉक्सवाल्याने बदलायचं राहिलं असेल." दोष झेरॉक्सवाल्याचा! बाहेरून आलेले परीक्षक मला म्हणाले, जाऊ द्या, पोरगं गरीब आहे. त्याला मार्क मिळाले. माझीही सही त्या कागदावर आहे, ती काही मला पुसता येत नाही.

त्या पुस्तकांचा साचा ठरलेला आहे. नमुना १०० ग्राहकांचा, २० प्रश्नांची प्रश्नावली, प्रत्येक प्रश्नाला एक गोल आलेख, आणि शेवटी '९० टक्के ग्राहक समाधानी आहेत, तरी कंपनीने जाहिरात वाढवावी'. कंपनीचा साहेब वाचत नाही, मार्गदर्शक शिक्षक वाचत नाही, खुद्द मुलानेही वाचलेलं नसतं.

यात मुलांना झोडपणं सोपं आहे. कंपन्यांचं काय? फाउंड्रीत असताना दर मे महिन्यात आमच्याकडेही दोन-तीन मुलं यायची. आम्ही त्यांना स्टोअरच्या कोपऱ्यात खुर्ची द्यायचो आणि सांगायचो, 'बघा इकडे तिकडे'. दोन महिन्यांनी शिक्का मारून प्रमाणपत्र. हे माझ्याही हातून झालं आहे. एका मुलीने त्या कोपऱ्यात बसून स्वतःहून बिन कार्ड, म्हणजे कप्प्यातल्या मालाची नोंद, आणि प्रत्यक्ष माल यांचा ताळा घातला. तीन वर्षं न हललेला काही लाखांचा माल तिने शोधून काढला. आमच्यातल्या कुणाच्याच लक्षात आला नव्हता. तिने तो तक्ता हाताने आखलेल्या चार कागदांवर दिला, आणि कॉलेजने तो 'फॉर्मॅटमध्ये नाही' म्हणून परत पाठवला. शेवटी तिनेही प्रश्नावलीच केली.

पुस्तकात सगळ्या अमेरिकेच्या कंपन्या असतात. त्याचा इथे काय उपयोग?

केस पद्धत, म्हणजे एखाद्या धंद्याचा खरा प्रसंग घेऊन वर्गात चर्चा करणं, वाईट नाही. हार्वर्डची बिझनेस स्कूल १९०८ ची. तिथे ही पद्धत रुजली तीच मुळी तिथल्या व्यापाऱ्यांचे अडलेले प्रश्न वर्गात आणून. १९६१ मध्ये अहमदाबादची आयआयएम उभी राहिली तेव्हा हार्वर्डची मदत होती आणि केस पद्धतही तिथून आली. आपण पुढे नक्कल केली ती छापील केसची. आपल्या गावचा व्यापारी वर्गात बोलवायचं मात्र राहूनच गेलं.

एका वर्षी मी २२ पोरांना घेऊन बेदाण्याच्या सौद्याला गेले. दुकानात ताटल्यांतून नमुने मांडलेले, हिरवा, पिवळा, काळा. खरेदीदार चिमूट उचलतात, दाणा बोटात दाबतात, तोंडात टाकतात, आणि किलोला पाच-दहा रुपयांचा फरक तिथल्या तिथे ठरतो. माल १५ किलोच्या बॉक्सचा, पण बोली किलोवर. मुलांनी पहिली दहा मिनिटं मोबाईलवर फोटो काढले. मग मी त्यांना कोपऱ्यात उभ्या असलेल्या एका शेतकरी काकांकडे नेलं आणि म्हटलं, यांना एकच प्रश्न विचारा: द्राक्ष बाजारात विकलं असतं तर बरं झालं असतं का?

काका मोकळे होते. पुढचा तासभर वर्ग त्यांनीच घेतला. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. धरा, द्राक्षाला ३० रुपये मिळत होते. म्हणजे १२० रुपयांचा कच्चा माल. वाळवणीच्या शेडचं भाडं, तोडणी, द्राक्षं बुडवायचं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेट, निवडणी, बॉक्स असे आणखी ३० धरा. झाले १५०. मार्चचा माल दिवाळीच्या आसपास विकायचा म्हणून आठ महिने कोल्ड स्टोरेजला ठेवला. १० टक्क्यांनी व्याज धरलं तर किलोमागे १० रुपये नुसतं व्याज, स्टोरेजचं भाडं वेगळं. म्हणजे १६० च्या खाली विकला तर बाजारात द्राक्ष विकणारा शहाणा. आणि वर शेडवर माल असताना पाऊस झाला तर?

खेळतं भांडवल, साठवणुकीचा खर्च, हंगाम, जोखीम. हे चार धडे मी वर्गात बारा तासांत शिकवते आणि पोरं जांभया देतात. त्या दिवशी कुणी जांभई दिली नाही. परतताना एक मुलगा म्हणाला, "मॅडम, आमच्या बाबांनी हे कधी मांडलंच नाही, ते नुसते म्हणतात यंदा बरं गेलं." त्याच्या घरी सहा एकर द्राक्षबाग आहे!

हळदीचं तसंच. हरिपूरला जमिनीखाली पेवं असायची, खोल खोदलेली, आत हळद वर्षानुवर्षं टिकायची. कीड नाही, वीजबिल नाही. उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, कोंदलेल्या हवेने जीव जातो, हे ज्ञानही पिढीजात. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं, हळद सडली आणि व्यापारी गोदामांकडे वळला. गोदामाची पावती बँक तारण म्हणून घेते, पेवातल्या मालावर कर्ज काढणं तितकं सोपं नाही. पेव बंद पडण्यात पुराचा वाटा किती आणि बँकेचा किती? यावर दोन तास वर्ग भांडला. ही केस कुठल्याही पुस्तकात नाही, आणि विद्यापीठाच्या परीक्षेत ती विचारलीही जात नाही.

मग असं सगळीकडे का नाही शिकवत?

कारण पेपर बाहेरून येतो. 'व्यवस्थापनाची व्याख्या द्या व वैशिष्ट्ये स्पष्ट करा' असा प्रश्न येणार असेल तर पोरगं बेदाण्याच्या सौद्याला कशाला येईल? ते गाइड घेईल आणि रात्रीत पाठ करील. अभ्यासक्रम दर काही वर्षांनी नवा होतो, विषयांची नावं चकचकीत होतात, प्रश्न तेच राहतात.

दुसरं कारण शिक्षक.

शिक्षकांना स्वतःला धंद्याचा अनुभव असतो का?

काहींना असतो. बहुतेकांचा प्रवास मात्र एमबीए, मग नेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा किंवा पीएच.डी., मग वर्ग असा सरळ असतो. यात त्यांचा दोष नाही, नेमणुकीत वजन पदव्यांनाच असतं. पेठेत ३० वर्षं काढलेला माणूस पदवी नाही म्हणून नियमित शिक्षक होऊ शकत नाही, बहुतेक ठिकाणी पाहुणा म्हणून नारळ-शाल घेऊन जातो.

आणि तासिका तत्त्वावरच्या आमच्यासारख्यांचं काय सांगू. तासाला मानधन, सुट्टीत काही नाही, दिवाळीत काही नाही. मानधन सहा-सहा महिन्यांनी निघतं. एका कॉलेजात तपासणी समिती यायच्या आदल्या दिवशी फोन आला, "मॅडम, उद्या पूर्ण दिवस थांबा आणि विचारलं तर पूर्णवेळ आहे म्हणा." मी गेले नाही. पुढच्या सेमिस्टरला तास मिळाले नाहीत. त्यावर अधिक लिहीत नाही.

ज्याला पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही हेच ठाऊक नसतं, तो नवी केस लिहायला चार महिने कशाला घालेल?

एवढी कॉलेजं निघालीच कशी?

१९८३ मध्ये वसंतदादा मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित तत्त्वावर खाजगी अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी मिळाली. त्याआधी आपल्या भागातली मुलं कर्नाटकात देणगी भरून शिकायची. त्या निर्णयाने गावोगावची पोरं इंजिनिअर झाली, हे मान्य करायलाच हवं. त्याच वाटेने पुढे व्यवस्थापनाची कॉलेजं आली. एमबीएला प्रयोगशाळा लागत नाही, यंत्रं लागत नाहीत. चार खोल्या, एक संगणक कक्ष आणि ग्रंथालय असलं की भागतं. उभारायला स्वस्त, म्हणून भराभर निघाली, आणि मुलं मिळेनाशी झाली तशी काही बंदही पडली.

इंग्रजीचं काय? आमचा मुलगा जतच्या मराठी शाळेतला आहे.

घाबरू नका, पण झाकूही नका. नोकरीच्या मुलाखतीत इंग्रजी लागतंच.

मी एक करते. पहिल्या सेमिस्टरमध्ये सादरीकरण मराठीत करू देते. जतच्याच एका मुलाने घरच्या डाळिंबाच्या विक्रीची पट्टी फळ्यावर लिहून दाखवली: एकूण रक्कम, त्यातून भाडं, हमाली, तोलाई, घट, आधी घेतलेली उचल, आणि हातात काय उरलं. एका दमात, न अडखळता. दुसऱ्या वेळी तेच त्याने अर्धं इंग्रजीत सांगितलं, तिसऱ्यांदा पूर्ण. विषय मुठीत असला की भाषा मागून येते. उलट्या क्रमाने गेलं की पाठ केलेली वाक्यं उरतात. 'माय स्ट्रेंथ इज हार्ड वर्क' हे वाक्य मी मुलाखतीच्या सरावात निदान ५०० वेळा ऐकलं असेल.

साखर कारखान्यात, सहकारी बँकेत काम करायचं तर एमबीए उपयोगी पडतं का?

पडायला हवं. पण सहकार हा विषय आमच्या अभ्यासक्रमात एखाद्या युनिटापुरता, आणि आम्ही कुठे, तर कृष्णाकाठी! अमूलच्या वर्गीस कुरियन यांनी १९७९ मध्ये आणंदला ग्रामीण व्यवस्थापनाची संस्था काढली ती याच कारणासाठी. दूध संघ चालवायला साबण विकायला शिकलेला मॅनेजर चालत नाही, हे त्यांना कळलं होतं. पुण्यात सहकारी व्यवस्थापनाची वैकुंठ मेहता संस्था आहे. आमच्या भागातली किती मुलं तिकडे जातात? वर्गात हात वर करायला सांगितलं तर संस्थेचं नाव ऐकलेलेही दोघं-तिघंच निघतात.

साखरेचा हिशेब मी मुद्दाम घालते. २०२५-२६ च्या हंगामासाठी एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३५५०. या उताऱ्याला टनातून १०२.५ किलो साखर निघते. साखरेची किमान विक्री किंमत २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये ठरली होती. त्या दराने १०२.५ किलोचे होतात ३१७७ रुपये आणि ५० पैसे. म्हणजे त्या दराला नुसती साखर विकून उसाचे पैसेही निघत नाहीत. बाजारभाव वर असेल तर गणित जुळतं. नाहीतर मळी, बगॅस (उसाची चिपाडं), इथेनॉल यांच्याकडे बघायचं. त्यात ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचा नियम, गाळप चार-पाच महिन्यांत उरकतं, आणि साखर मात्र वर्षभर केंद्राच्या मासिक कोट्याप्रमाणे विकायची. पैसे आज द्यायचे, येणार पुढच्या दिवाळीपर्यंत. मधल्या काळाला मालतारण कर्ज आणि त्याचं व्याज.

हे फळ्यावर मांडलं की वर्ग गप्प होतो, कारण अर्ध्या वर्गाच्या घरी ऊस आहे आणि बिल का थकतं यावर घरात रोज शिव्या असतात. चेअरमनला शिव्या देणारा आणि चेअरमनची बाजू घेणारा असे दोन गट पाडून मी त्यांना तोच ताळेबंद वाचायला देते. गट बदलून पुन्हा वाचायला लावते.

आमचं गणपती पेठेत दुकान आहे. मुलगा बसणारच आहे गल्ल्यावर. एमबीए कशाला?

पदवीसाठी करू नका. खानापूर-आटपाडीकडची गलाईवाली मंडळी बघा. सोनं-चांदी गाळायची दुकानं देशभर काढली, ती कुठल्या कॉलेजात शिकून? मिसरूड फुटायच्या आत पोरगं केरळात नाहीतर पंजाबात नातलगाच्या दुकानात, आधी झाडलोट, मग भट्टी, मग भागीदारी. ते शिक्षण आमच्या दोन वर्षांपेक्षा पक्कं होतं. त्याची किंमतही पोरांनी भरली, शाळा सुटली, हे विसरू नका.

पण दुकानदार काका, तुम्हाला एक विचारते. २०१९ ला पेठेत पाणी आलं तेव्हा तुमच्या मालाचा विमा होता का? उधारीची वही वरच्या मजल्यावर होती की गल्ल्याखाली? २०२१ ला पुन्हा पाणी आलं, तेव्हा काय बदललं होतं? मुलाला हे प्रश्न पडत असतील तर त्याने काहीतरी शिकलं आहे, पदवी असो वा नसो. पडत नसतील तर दोन वर्षं बाहेर दुसऱ्याच्या नोकरीत पाठवा. बापाच्या दुकानात चूक झाली की बाप झाकतो.

मुलींना फी माफ आहे म्हणतात?

२०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून निम्मी शिक्षण फी मिळू शकते, मर्यादा तीच. पण प्रवेश कॅपमधून हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलात तर हे विसरा. अर्ज राज्याच्या महाडीबीटी या संकेतस्थळावर. उत्पन्नाचा दाखला मेमध्येच काढून ठेवा, जूनमध्ये तहसीलला पाय ठेवायला जागा नसते.

ऑनलाइन एमबीए चालेल का?

नोकरी चालू असेल तर चालेल. यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाची त्या अभ्यासक्रमाला मान्यता आहे का ते आधी बघा. पदवीनंतर लगेच, नोकरी नसताना घरी बसून करू नका. मोबाईलवर व्याख्यान सुरू असतं आणि पोरगं झोपलेलं असतं.

आता एआयने प्रोजेक्ट लिहून मिळतो. मग काय तपासणार?

झेरॉक्सवाल्याचा धंदा बसला, एवढाच फरक. चाकणचे कामगार आता दूध केंद्रात येत नाहीत, भाषा गुळगुळीत असते. म्हणून मी आता पुस्तक बघतच नाही. मुलाला विचारते, तू गेलास तिथे दुपारी जेवायला किती वाजता सुट्टी व्हायची, आणि सर्वात जास्त वैतागलेला माणूस कोण होता, कशावरून? गेलेला असतो तो सांगतो. न गेलेला छताकडे बघतो.

एकच सुधारणा करायची झाली तर कुठली कराल?

शेवटचं सेमिस्टर पूर्ण बाहेर काढीन. सहा महिने इथल्याच दुकानात, कारखान्यात, दवाखान्यात, पतसंस्थेत प्रत्यक्ष काम, थोडा का होईना पगार, आणि निम्मे मार्क त्या मालकाच्या हातात. बाकीचे निम्मे तोंडी परीक्षेला, तिथल्या कागदपत्रांसह. काळं पुस्तक बंद.

लोक म्हणतात हे परदेशी खूळ आहे. अहो, शेजारी साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' चालवलं. १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काल्याला रयत शिक्षण संस्था काढली, पुढे ती साताऱ्याला आली. वसतिगृहातली पोरं शेतात राबून स्वतःचं धान्य पिकवायची आणि शिकायची. व्यवस्थापनाच्या शिक्षणाला लागू पडेल असा याहून जवळचा दाखला मला माहीत नाही. आम्ही त्यांच्या जयंतीला हार घालतो आणि दुसऱ्या दिवशी मुलांना प्रश्नावली वाटतो.

अडचणी आहेत. मालक फुकटचा हमाल म्हणून राबवील. नात्यातल्या दुकानातून खोटा शिक्का येईल. मुलींच्या घरचे उशिरापर्यंत थांबू देणार नाहीत. त्यासाठी २० मुलांमागे एक शिक्षक सतत फिरता हवा, आणि तो तासावरचा असून चालणार नाही. म्हणजे पुन्हा पैशावर आलं. संस्था म्हणते फीतून भागत नाही, पालक म्हणतात फी परवडत नाही, शिष्यवृत्तीची रक्कम वेळेवर येत नाही. या तिघांत खोटं कुणीच बोलत नाही. तरी जिथे वर्गात ६० ऐवजी ३० मुलं उरली आहेत तिथे हे आजही करता येईल. मी दोन ठिकाणी लिहून दिलं आहे. एका ठिकाणाहून 'विचाराधीन' असं उत्तर आलं.

पोराला सौदा दाखवायला तुमच्याबरोबर पाठवू का?

पाठवा. मार्केट यार्डच्या गेटाजवळ सकाळी भेटू, नाश्ता करून यायला सांगा. वही-पेन हवं. बूट नकोत, चपला बऱ्या, पोत्यांवरून चालावं लागतं. आणि दुकानदाराच्या ताटलीतला बेदाणा मूठभर उचलायचा नाही. चिमूटच.